हॉरर गेममधले हीरो एवढे विसरभोळे का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात हॉरर गेम्सवर दोन पानं लिहिली आणि शेवटी 'काही विचारायचं असेल तर विचारा' असं टाकलं, तर आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची निघाली, लहानपणचा ट्रॉमा आणि दाबून टाकलेल्या आठवणी. त्यातली काही इथे घेतलीयेत. स्पॉयलर भरपूर आहेत बरं का, सायलेंट हिल २, ओमोरी, अमाँग द स्लीप, ॲलिस मॅडनेस रिटर्न्स सगळ्यांचे शेवट फुटणार आहेत, खेळायचे राहिले असतील तर सरळ राशिभविष्याच्या पानावर जा.

ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, सबमिशन संपली की आम्ही हॉस्टेलवर लाइट घालवून हॉरर गेम खेळत बसतो. आता असं झालंय की अर्ध्या तासात कोणीतरी म्हणतो 'यानेच मारलंय आणि विसरलाय', आणि शेवटी तेच निघतं. सगळे एकच स्टोरी का लिहितात?
– एक वाचक, सांगली

अरे सोय असते ती. गेम सुरू करताना तुला काहीच माहीत नसतं, पण हीरोला त्याचं स्वतःचं आयुष्य माहीत असायला पाहिजे ना, मग तो लोकांचे ड्रॉवर उघडून चिठ्ठ्या वाचत का फिरतोय? त्याची मेमरी उडवली की प्रश्नच मिटला, तो आणि तू एकाच पातळीवर. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० ला अम्नेशिया द डार्क डिसेंट काढला त्यात तर डॅनियल स्वतःच औषध पिऊन सगळं विसरतो आणि स्वतःलाच पत्र लिहून ठेवतो की हे हे काम कर. सरळ सरळ सोय आहे, पण निदान लाजत नाहीत ते. सायलेंट हिलचं धुकंसुद्धा असंच आलंय, १९९९ चा पहिला गेम जुन्या प्लेस्टेशनवर होता, त्या मशीनला लांबचं गाव दाखवणं झेपत नव्हतं म्हणून धुकं सोडलं आणि तीच मग त्या सिरीजची ओळख झाली.

तुझ्या मित्राला 'यानेच मारलंय'ची सवय लागली त्याचं मूळ म्हणजे सायलेंट हिल २, सप्टेंबर २००१, कोनामी. जेम्स सँडरलँडला बायकोचं, मेरीचं, पत्र येतं, आपल्या त्या खास जागी ये म्हणून, आणि बायको तर आजारपणात जाऊन तीन वर्षं झालीयेत असं तो म्हणतो. मग गावभर फिरून शेवटी लेकव्ह्यू हॉटेलच्या ३१२ नंबरच्या खोलीत तो व्हीसीआरला कॅसेट लावतो आणि त्यात दिसतं की आजारी मेरीच्या तोंडावर उशी दाबून यानेच तिला मारलंय, आणि तेही काही तीन वर्षांपूर्वी नाही. झालं, तिथून पुढे पंचवीस वर्षं लोक हीच कॅसेट वेगवेगळ्या कव्हरात विकतायत.

पण मला विचारशील तर त्या गेमची खरी बाई अँजेला आहे आणि तुम्ही लोक तिचे सीन भराभर स्किप करत असणार. स्मशानात भेटते, मग एका फ्लॅटमध्ये आरशासमोर हातात सुरी घेऊन पडलेली दिसते, ती सुरी ती जेम्सला देऊन टाकते. तिच्या बापाने तिच्यावर लहानपणापासून अत्याचार केलेत, हे कोणी तोंडाने नीट सांगत नाही, एका खोलीत पलंगाच्या आकाराचा एक मॉन्स्टर येतो, त्याच्या अंगावर चादरीसारखं कातडं ताणलेलं आणि खाली दोन आकृत्या, भिंतींना भोकं आणि त्यात दट्टे आत-बाहेर करतायत, तेवढं बघितलं की कळायचं ते कळतं. शेवटची भेटते ती जळत्या जिन्यावर. आधी जेम्सलाच आई समजते, मग भानावर येऊन म्हणते की जे झालं ते तुझ्याच लायकीचं होतं असं आईसुद्धा म्हणाली होती. जेम्स म्हणतो इथे किती गरम होतंय, त्यावर ती म्हणते तुलाही दिसते का ही आग, माझ्यासाठी तर हे नेहमीच असं असतं. आणि वर निघून जाते.

आता बघ, ही पोरगी काहीही विसरलेली नाहीये. एक मिनिट विसरलेली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, घरात सगळ्यांना माहीत आणि तरी दोष हिचाच. विसरायची चैन आहे ती फक्त जेम्सची. दुसरी एक गंमत (गंमत कसली म्हणा), अँजेलाची ती सुरी इन्व्हेंटरीत, म्हणजे जेम्सजवळच्या सामानात, राहते, ती तू परत परत उघडून बघत राहिलास, जखमी असताना औषध न घेता तसाच फिरत राहिलास, तर गेम ते गुपचूप मोजतो आणि तुला जेम्स जीव देतो त्या एंडिंगकडे ढकलतो. स्क्रीनवर काही लिहून येत नाही. आणि लॉरा नावाची आठ वर्षांची पोरगी त्याच गावात एकटी आरामात हिंडते, तिला एकही मॉन्स्टर दिसत नाही, कारण तिच्या मनावर तसलं काही ओझंच नाही. एवढं सगळं त्या धुक्यात असताना लोकांनी उचललं काय तर शेवटची कॅसेट.

नमस्कार ताई. माझा मुलगा आठवीत आहे, ओमोरी नावाचा गेम खेळतो. चित्रं बघून मला वाटलं लहान मुलांचंच काहीतरी आहे, पेन्सिलने काढल्यासारखी गोड गोड. परवा त्याच्या मागे उभी राहून बघितलं तर भलतंच होतं. बंद करू का?
– एक आई, डोंबिवली

चित्रांनी फसायला होतं, तुम्ही एकट्या नाही आहात. ओमोरी २०२० च्या डिसेंबरात आला, ओमोकॅट नावाने काम करणाऱ्या एका आर्टिस्टचा आहे, आणि सुरू करतानाच त्यात सूचना येते की डिप्रेशन, अँझायटी आणि आत्महत्या यांचं चित्रण आहे, पण मुलं ती सूचना वाचतात होय, अंगठा आधीच बटनावर असतो.

तुम्हाला स्टोरी माहीत असलेली बरी म्हणून सांगतेय. सनी नावाचा मुलगा कित्येक वर्षं घराबाहेर पडलेला नाही, तीन दिवसांनी घर सोडायचंय, आणि तो सगळा वेळ मनातल्या एका रंगीत जगात जातो जिथे त्याची मोठी बहीण मारी अजून आहे, पिकनिकची चादर टाकून खाऊ घेऊन बसलेली असते. खरं म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी व्हायोलिनवरून दोघांचं भांडण झालं, झटापटीत ती जिन्यावरून पडली आणि गेली, आणि घाबरलेल्या मित्राने आणि याने मिळून तो आत्महत्येचा देखावा केला. दोन लहान पोरांनी. मग चार वर्षं तोंडातून एक शब्द नाही. गेम खूप चांगला आहे, मी म्हणेन या विषयावरच्या सगळ्यात चांगल्या दोन-तीनपैकी एक, पण तेरा वर्षांच्या मुलाने रात्री एकट्याने खेळायचा नक्की नाही.

एकदम बंद मात्र करू नका, तो मित्राच्या घरी जाऊन खेळेल आणि मग तुम्हाला कळणारही नाही. शेजारी बसा. 'हे काय भयंकर' असं न म्हणता 'हा मुलगा घराबाहेर का नाही जात' एवढंच विचारा, मुलं गेमबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत. तो काय सांगतो त्यापेक्षा काय टाळतो तिकडे लक्ष द्या. झोप उडाली, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, आधी खेळायला जायचा तो जात नाही, असं काही असेल तर गेमचा विषय बाजूला ठेवून आधी मुलाकडे बघा, कारण गेम दोषी असेलच असं नाही, आधीपासून असलेलं काहीतरी तो तिथे शोधत असू शकतो.

आणि तुम्हाला स्वतःला काही खेळायचं असेल तर नॉर्वेच्या क्रिलबाइट स्टुडिओचा अमाँग द स्लीप (२०१४) घ्या, दोनेक संध्याकाळी संपतो. त्यात तुम्ही दोन वर्षांचं बाळ आहात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, चालायला गेलात तर झोकांड्या जातात, रांगलात तर पटकन पोचता, दाराची कडी गाठायची तर खुर्ची ढकलत न्यायची. भीती वाटली की टेडीला घट्ट मिठी मारायची, मग त्याचा थोडा उजेड पडतो. आणि मागे लागलेली ती लांब केसांची बाई कोण, जमिनीवर बाटल्या का पडल्यात, हे मोठ्या माणसाला फार लवकर समजायला लागतं, बाळाला नाही समजत. शेवटी स्वयंपाकघरात जमिनीवर आई बाटली घेऊन रडत बसलेली असते. तिला राक्षसीण करून सोडलं नाहीये त्यांनी, आपण मुलांना बागुलबुवा दाखवतो ना, इथे बागुलबुवाच आपल्या घरातला आहे आणि त्यालाच सकाळी आपल्याला दूध द्यायचंय, हे त्या गेमला बरोबर कळलंय.

मी सायकॉलॉजी एमए करते. आमच्या सरांनी सांगितलं की रिप्रेस्ड मेमरी (मनाने दाबून टाकलेली आठवण) हा प्रकार बऱ्यापैकी वादग्रस्त आहे, तरी गेममध्ये मात्र सर्रास. नक्की काय मानायचं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

सर बरोबर आहेत. तू अभ्यासच करतेस तर जरा सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी चहा टाका तोपर्यंत.

फ्रॉइडने १८९६ ला मांडलं की हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणचा लैंगिक अत्याचार असतो आणि त्याची आठवण मनाने दाबलेली असते, आणि १८९७ मध्ये स्वतःच त्यातून अंग काढून घेतलं, त्याबद्दल त्याला आजही दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात. पण खरं रण माजलं ते अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकात, मेमरी वॉर्स म्हणतात त्याला. थेरपिस्ट हिप्नोसिस करून, कल्पना करायला लावून लोकांच्या 'दाबलेल्या आठवणी' बाहेर काढायला लागले, त्यावर केसेस उभ्या राहिल्या, घरं फुटली. कॅलिफोर्नियात जॉर्ज फ्रँकलिनला १९९० मध्ये खुनासाठी दोषी ठरवलं ते मुख्यतः मुलीला वीस वर्षांनी 'परत आलेल्या' आठवणीवर, आणि १९९५ मध्ये तो निकाल रद्द झाला.

त्याच वर्षी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्रज्ञांचा मॉलमध्ये हरवण्याचा प्रयोग छापून आला. २४ जण घेतले, प्रत्येकाला लहानपणच्या चार गोष्टी लिहून दिल्या, तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या, आणि चौथी बनवलेली की तू पाचेक वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवलास, रडलास, एका म्हाताऱ्या बाईने मदत केली. साधारण पाव लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार 'आठवली'. प्रयोग छोटा आहे, मॉलमध्ये हरवणं आणि अत्याचार या एका मापाच्या गोष्टी नाहीत, ही टीका रास्तच आहे. दुसऱ्या बाजूला लिंडा विल्यम्सच्या १९९४ ला छापून आलेल्या अभ्यासात १२९ अशा बायकांच्या मुलाखती होत्या ज्यांच्यावरच्या लहानपणच्या अत्याचाराची दवाखान्यात नोंद होती, त्यातल्या ३८ टक्क्यांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही. विसरल्या? की ओळख ना पाळख अशा बाईला कशाला सांगायचं म्हणून गप्प बसल्या? आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, झाकणारा विसरलेला असतो असं कोणी म्हटलंय. काही जणी तर तेव्हा इतक्या लहान होत्या की त्या वयातलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. साधारण तीन वर्षांच्या आधीचं आपल्याला काही आठवत नाही, त्यात दाबण्याचा संबंध नसतो, म्हणजे वरच्या पत्रात लिहिलेलं अमाँग द स्लीपमधलं ते बाळ मोठं झाल्यावर त्याला त्या रात्रीबद्दल काहीच सांगता येणार नाही, अंगात भीती तेवढी राहील कदाचित.

माणूस मोठ्या धक्क्यानंतर काही भाग विसरू शकतो, डिसोसिएटिव्ह अम्नेशिया हे निदान डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेतही आहेच, आणि एखादी गोष्ट वर्षानुवर्षं मनात न येता अचानक एखाद्या वासाने आठवते हेही होतं. पण पीटीएसडीवाल्याची (मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक त्रास असलेल्याची) नेहमीची तक्रार बरोबर उलटी असते, विसरता येत नाही ही. नको त्या वेळी, भाजी निवडताना, लोकलमध्ये उभं असताना ते समोर येतं.

गेमची गोची कुठे आहे बघ, आठवण म्हणजे कॅसेट असं त्यांनी धरलंय. जेम्सची ३१२ मधली कॅसेट, ओमोरीतले फोटो, कुठेतरी ओरिजिनल सुरक्षित पडलंय, किल्ली मिळाली की जसंच्या तसं दिसणार. आठवण तशी नसतेच, दरवेळी सांगताना थोडी नव्याने बनते. हे ज्याला जमलं असा मला एकच आठवतो, सायलेंट हिल शॅटर्ड मेमरीज (२००९), ब्रिटनच्या क्लायमॅक्सने केलेला, सॅम बार्लोने लिहिलेला. तू थेरपिस्टसमोर बसतेस, प्रश्नावली भरतेस, एका घराचं चित्र रंगवतेस, आणि त्याप्रमाणे पुढे माणसं, कपडे, रस्ते बदलत जातात. हॅरी मेसन बर्फात मुलीला शोधतोय असं तू धरून चालतेस आणि शेवटी कळतं की खुर्चीत बसलेली तीच मुलगी आहे, मोठी झालेली, बाप अपघातात केव्हाच गेला आणि हा शोधणारा प्रेमळ हॅरी तिने स्वतः घडवलाय. म्हणजे हरवलेली आठवण नाही, फार जपलेली आणि जपून जपून बदललेली. एमएच्या सेमिनारला हा गेम घे, सर खूश होतील.

नाव छापू नका. ओमोरी संपवल्यापासून मला सारखं वाटतंय की माझ्याही लहानपणी काहीतरी झालं असणार आणि मी विसरलेय. जुन्या घराचा जिना स्वप्नात येतो. हिप्नोसिस केलं तर कळेल का?

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. पहिलं म्हणजे हिप्नोसिस करून 'शोधायला' जाऊ नका, त्याने आठवण पक्की वाटायला लागते पण खरी होतेच असं नाही, आणि मग आयुष्यभर तुम्हालाच ती घेऊन राहायचंय. जिना ओमोरीतही आहे, महत्त्वाच्या जागी आहे, तो स्वप्नात आला यावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही, झालं असणार असाही नाही आणि झालं नसणार असाही नाही. घाबरल्यासारखं होतंय ते मात्र खरं आहे आणि त्याला पुराव्याची गरज नाही, तेवढ्यासाठीही मदत मागता येते.

असा समुपदेशक बघा जो तुम्हाला बोलू देईल, स्वतः काही सुचवणार नाही. पहिल्याच भेटीत कोणी म्हणालं की तुमची लक्षणं बघता अत्याचार झालेलाच आहे, तर तिथून निघा. जे आठवतंय, जे स्वप्न आहे आणि जे नुसतं वाटतंय ते वेगवेगळं लिहून ठेवा, भावंडांशी किंवा मावशी-काकूंशी बोलायच्या आधी, कारण चार जणांशी बोललं की कोणाचं काय ते मिसळून जातं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हे वाचणारं कोणी अठराच्या आत असेल आणि घरात आत्ता काही घडत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, वाट बघू नका. गेम चार-सहा महिने बाजूला ठेवलात तर बिघडत नाही.

मी शाळेत समुपदेशक आहे. या गेममध्ये मनोरुग्णालय म्हणजे भूतबंगला, नर्स म्हणजे चेटकीण, डॉक्टर म्हणजे खुनी. पालक आधीच आमच्याकडे यायला घाबरतात, त्यात ही भर.
– एक वाचक, रत्नागिरी

तक्रार शंभर टक्के मान्य. गंजका पलंग, हलणारी व्हीलचेअर, किंचाळणारा पेशंट हे इतकं स्वस्त झालंय की आता भीतीही वाटत नाही, नुसता आळस दिसतो.

तरी एक व्हिलन डॉक्टर मी सोडणार नाही, ॲलिस मॅडनेस रिटर्न्स (२०११) मधला डॉक्टर बंबी. लंडन, १८७५, आगीत घरदार गेलेल्या ॲलिसला तो हिप्नोटाइज करतो आणि म्हणतो विसर, सोडून दे, आठवणींनी त्रास होतो. बाकी सगळे गेम आठव म्हणतात, हा विसर म्हणतो, कारण तिच्या बहिणीवर अत्याचार करून आग लावणारा तोच आहे आणि त्याच्या अनाथाश्रमातल्या पोरांची मनं पुसून त्यांना विकणाराही तोच. इथे विसरणं आपोआप होत नाही, कोणीतरी करून घेतंय आणि त्यात त्याचा फायदा आहे. मुलाला 'झालं गेलं विसर, घरातली गोष्ट घरात' म्हणणारे काका-मामा तुम्ही तुमच्या कामात पाहिले असतीलच.

आणि उलट उदाहरण हवं असेल तर केंब्रिजच्या निंजा थिअरीचा हेलब्लेड (२०१७). पॉल फ्लेचर या मानसोपचारतज्ज्ञाला आणि ज्यांना खरोखर आवाज ऐकू येतात अशा लोकांना सोबत घेऊन केलाय, आवाज असे रेकॉर्ड केलेत की हेडफोन लावले तर डाव्या कानामागे कोणीतरी टोमणा मारतंय असं वाटतं. पालकसभेत दहा मिनिटं ऐकवून बघा.

सायलेंट हिल २ जुना खेळू की रीमेक? बजेट एकाचंच आहे.
– एक वाचक, नागपूर

रीमेक, ऑक्टोबर २०२४ चा. पोलंडच्या ब्लूबर टीमला काम दिलं तेव्हा माझ्यासकट पुष्कळांनी कपाळाला हात लावला होता, कारण त्यांच्याच द मीडियम (२०२१) मध्ये लहान मुलीवरचा अत्याचार आला होता आणि ते प्रकरण त्यांनी फारच ढोबळपणे हाताळलं होतं, अत्याचार करणाऱ्याच्या दुःखाला भरपूर जागा आणि मुलीच्या वाट्याला कमी. पण रीमेकमध्ये त्यांनी जपून केलंय. अँजेलाच्या बापाचा तो सीन आता एका खोलीत संपत नाही, घरातल्या पॅसेजमधून, भिंती फोडून तो मागे येत राहतो. तिचं अवघडलेपण, नजर न देणं, वाक्य अर्ध्यात सोडणं हे जुन्या मॉडेलला जमण्यासारखं नव्हतं. एकच खटकतं, मारामारी फार वाढवलीये, जुना गेम आठेक तासांत व्हायचा, हा दुप्पट चालतो.

जुना प्लेस्टेशन २ वर कोणाकडे असेल तर मागून आणून खेळ. २०१२ चं एचडी कलेक्शन मात्र फुकट मिळालं तरी नको, कोनामीकडे फायनल कोडच उरला नव्हता, अर्धवट व्हर्जनवरून ते जुळवलंय, आणि ज्या धुक्याचं एवढं कौतुक केलं तेच त्यात नीट दिसत नाही.